ब्रेकच्या खोक्यांवर माझी सही

किस्से कसे साठतात, हे मला आमच्या कारखान्यातल्या लाल चौकटीनं शिकवलं. नापास झालेला माल ठेवायला जमिनीवर लाल रंगानं एक चौकट आखलेली असते. त्या चौकटीतला माल परत पाठवायला परवडत नाही, भंगारात काढायला जीव होत नाही आणि चांगल्या मालात मिसळायची हिंमत होत नाही. मग तो तिथंच साठत जातो. माझ्या किश्शांचंही तसंच झालंय. मित्रमंडळींत बसलो की एकेक काढून दाखवतो. घरी सांगायला लागलो तर बायको म्हणते, "तुम्ही हे हसत सांगताय खरं, पण हात बघा कसे थरथरतायत."

तिचं बरोबर असावं. मला नक्की सांगता येत नाही. मला कुठलीच गोष्ट नक्की सांगता येत नाही, आणि उतारवयात नोकरी मिळाली ती नेमकी 'नक्की सांगण्याची'.

आमचा कारखाना वाळूजला आहे. आमचा म्हणजे भाऊसाहेबांचा. आम्ही तीनचाकी रिक्षांचे ब्रेक जोडतो. ब्रेकच्या आत एक लोखंडी कमान असते, तिला शू म्हणतात. तिच्या पाठीवर काळपट पट्टी चिकटवलेली असते, तो लायनर. ड्रायव्हरनं पाय दाबला की लायनर चाकाच्या ड्रमला घासतो आणि रिक्षा थांबते. लायनर शूपासून सुटला तर थांबत नाही. विषय इतका सोपा आहे.

हे शू लायनर चिकटवून व्हिएतनाममधल्या एका कारखान्यातून येतात. आम्ही ते तपासायचे, ब्रेक जोडायचा आणि रिक्षा बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला द्यायचा. प्रत्येक लॉटच्या कागदावर 'पास' किंवा 'नापास' असं लिहून खाली सही करायची ती मी. पास म्हटलं तर रस्त्याची भीती. नापास म्हटलं तर कंपनीची लाईन बंद पडायची भीती, आणि लाईन बंद पडली की कंपनी दुसरा पुरवठादार बघते आणि भाऊसाहेबांच्या शेडला कुलूप लागतं. या दोन भीत्यांच्या मधोमध मी पेन घेऊन बसलेलो असतो.

*

ही सही माझ्याकडे आली कशी, तेही सांगतो.

मी आयुष्यभर इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो, उस्मानपुऱ्यातल्या घरी पुस्तकं लावत बसलो होतो. एक दिवस भाऊसाहेब आले. मूळचे फुलंब्रीकडचे, घरची शेती, थोरला भाऊ शेती बघतो आणि हे कारखाना. त्यांना मोठ्या कंपनीनं सांगितलं होतं, की परदेशातून माल आणता तर तपासणीच्या कागदावर उच्चशिक्षित माणसाची सही हवी.

मी घाबरून म्हणालो, "अहो, माझी पीएचडी धातूवर आहे. लायनर धातू नाही. ती राळ, तंतू, भुकटी असली भानगड असते. मला त्यातलं पुस्तकापुरतंच कळतं."

भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, आमच्या गावात दाताचा डॉक्टर हाये. तो तापबी बघतो, बाळंतीणबी बघतो. लोक डॉक्टर बघत्यात, दात नाय बघत."

मी होकार दिला. बायको आतून म्हणाली, "आता ह्यांना झोप नाही."

*

झोपेचं तसंच झालं. पण दिवसाचंही काही खरं राहिलं नाही.

नोकरी लागल्यापासून रिक्षात बसण्याआधी मी ड्रायव्हरला ब्रेकबद्दल विचारतो. कोणत्या साली घेतली, शू कधी बदलले, उतारावर पाय जास्त दाबावा लागतो का. काही जण मला आरटीओचा माणूस समजून सटकतात. एकदा क्रांती चौकात एक म्हातारा ड्रायव्हर भेटला. त्यानं माझी सगळी चौकशी शांतपणे ऐकून घेतली, पान थुंकलं आणि म्हणाला, "चाचा, ब्रेक एकदम फस्क्लास. तुम बिनधास्त बैठो. बस, मेरे कू बाजू का दिखता नै."

मी घरापर्यंत चालत गेलो.

*

पहिला कंटेनर आला तेव्हा आमच्या तपासणीच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, स्टोअर सांभाळणारे अजीजभाई आणि वैशाली. वैशाली डिप्लोमा झालेली, तिचे वडील बिडकीनच्या बाजूला मेंढरं राखतात. कारखान्यात ती एकटीच अशी आहे, जी मला 'सर' म्हणत म्हणत दटावते.

चाचणी अशी असते: शू भट्टीत तापवायचा, मशीनमध्ये धरायचा आणि लायनरला बाजूनं रेटा द्यायचा. किती रेट्याला तो सुटतो, हे मशीन सांगतं. ड्रॉइंगवर लिहिलेल्या आकड्याच्या वर सुटला तर पास, खाली सुटला तर नापास. चांगला लायनर सुटताना फटाका वाजल्यासारखा आवाज येतो. पहिल्या लॉटच्या वेळी मी कानात बोटं घालून उभा होतो. आवाज आलाच नाही. लायनर भाजल्या पापडासारखा अलगद निघून आला.

अजीजभाई म्हणाले, "अल्ला, ये तो हाथ लगानेसेच गया."

तो लॉट नापास. त्यावर पुरवठादाराकडून खुलासा येतो, तसा आला. कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला पुन्हा शिकवलं. पुढचा लॉट आला, लायनर वाकडा चिकटलेला. खुलासा तोच. त्याच्या पुढचा आला, चिकट द्रव बाजूनं ओघळलेला. खुलासा तोच. प्रत्येक वेळी चूक ऑपरेटरची आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा शिकवलेलं.

मला त्या ऑपरेटरची काळजी वाटायला लागली. कोण असेल बिचारा, त्याला किती बोलणी खावी लागत असतील. मी तसं बोलूनही दाखवलं.

भाऊसाहेब म्हणाले, "सर, त्याची काळजी नका करू. त्याला इतकं शिकवलंय, की आतापर्यंत तुमच्यासारखा पीएचडी झाला असंल. म्हणूनच त्याच्याच्यानं एक काम धड होत नाय."

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन विचार केला, तर त्यात चूक काढता येईना.

*

त्या कारखान्याच्या तपासणी विभागाच्या प्रमुख म्हणजे थाओबाई. नाव थाओ, 'बाई' आमच्याकडून. व्हिडिओ कॉलवर दिसायच्या: कापलेले केस, चष्मा, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. त्यांचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी एकमेकांना चुकवून जायचं, म्हणून वैशाली मधे बसायची. का कोण जाणे, तिचं आणि थाओबाईंचं चटकन जुळायचं.

सारखे लॉट नापास व्हायला लागले तेव्हा ठरलं, की माल जहाजावर चढण्याआधी आम्ही कॅमेऱ्यावरून खोकी निवडायची आणि त्यांनी आमच्यासमोर उघडायची. भाऊसाहेब पहिल्यांदाच कॉलवर बसले. नवा शर्ट घातला होता.

थाओबाईंनी थप्पीच्या वरचं खोकं उघडायला सांगितलं, तसे भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले. "सर, वरचं नको. मोसंबीचा कॅरेट कसा भरत्यात म्हाईत हाये का? वर लाडू आन खाली गोट्या. त्यांना म्हणावं, सगळ्यात खालचं काढा."

वैशालीनं तसं सांगितलं. त्यांच्या माणसांनी वरची खोकी एकेक करून उतरवली, खालचं खोकं ओढलं, उघडलं. सुरेख माल. एकसारखा, स्वच्छ. मशीनवर लावला तर कॅमेऱ्यातूनही फटाका ऐकू आला. भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी लॉट पास केला. कंटेनर वाळूजला आला. खालची खोकी उत्तम होती. वरची सगळी नापास.

मी वैशालीला म्हटलं, विचार त्यांना, हे कसं झालं. थाओबाईंनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता उत्तर दिलं. वैशाली ते सांगताना ओठ दाबत होती. "सर, त्या म्हणतात, सगळ्या देशांतले लोक खालचंच खोकं मागतात."

भाऊसाहेब म्हणाले, "ह्या बाईला मोंढ्याच्या बाजारात आणून बसवा. चार दिवसांत आडते गाव सोडतील."

*

पण त्यांच्याकडचा आजवरचा सर्वांत निर्दोष माल आला, तो खंडेनवमीमुळे.

दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एक नमुना असतो. एक शू त्यांच्या कपाटात, एक आमच्या. माल कसा हवा यावर वाद झाला की तो नमुना काढायचा. त्यांच्याकडचा नमुना हाताळून हाताळून झिजला, म्हणून त्यांनी आमचा मागितला. अजीजभाईंनी आमचा नमुना कपाटातून काढला, कापडात गुंडाळला आणि पाठवून दिला. मला विचारलं होतं का? विचारलं असावं. मी हो म्हटलं असेन. मला आठवत नाही, आणि त्याचाच मी पुढं आठवडाभर धसका घेतला.

कारण नुकतीच खंडेनवमी झाली होती. आमच्याकडं त्या दिवशी मशीन, पाने, मापं, सगळ्यांची पूजा होते. नमुन्याचीही होते. भाऊसाहेब तर म्हणतात, मशीनपेक्षा त्याचीच आधी करा. तर आमच्या त्या नमुन्यावर, लोखंडाच्या बाजूला, हळदीचा एक आणि कुंकवाचा एक असे दोन ठसठशीत टिळे होते. तेलात कालवलेले, पक्के बसलेले.

पुढचा कंटेनर आला. वैशालीनं पहिलं खोकं उघडलं आणि मला हाक मारली. मी गेलो. प्रत्येक शूवर, लोखंडाच्या त्याच बाजूला, त्याच अंतरावर, एक पिवळा ठिपका आणि एक लाल ठिपका. रंगाचे, भट्टीत भाजून पक्के केलेले. हजारो शू, सगळ्यांना हळदीकुंकू.

आता कंपनी विचारणार हे काय, आणि उत्तर मला द्यावं लागणार. आम्ही चाचणी घेतली. फटाका. दुसरा घेतला, फटाका. सबंध लॉटमध्ये एक शू नापास नाही. असा लॉट ना आधी आला होता, ना नंतर.

भाऊसाहेबांनी ठिपके पुसायला साफ नकार दिला. अजीजभाई म्हणाले, "साब, अगले साल उनकू एक नारियल भी भेज दो. कंटेनर में फोडके भेजेंगे."

कंपनीचा प्रश्न आलाच. मी सबंध दिवस मसुदा करत होतो. शेवटी लिहिलं: 'पिवळा-लाल ठिपका ही मालाची ओळखखूण आहे.' मला वाटलं, आता नोकरी गेली. उत्तर आलं, कल्पना चांगली आहे, ड्रॉइंगवर घेत आहोत.

आता कंपनीच्या अधिकृत ड्रॉइंगवर ते दोन ठिपके आहेत. बाण काढून, मापं देऊन.

*

त्या ठिपक्यांनी मला एकदा रडवलंही.

सकाळी पेपरात वाचलं: बिडकीनच्या रस्त्यावर रिक्षा उलटली, प्रवासी किरकोळ जखमी. चहा तसाच राहिला. बायको म्हणाली, शहरात आणि जिल्ह्यात रिक्षा किती, त्यातल्या तुमच्या ब्रेकच्या किती. तिचं म्हणणं तर्काला धरून होतं. मी बसनं बिडकीनला गेलो.

रिक्षा पोलिस चौकीच्या आवारात उभी होती. मेकॅनिकनं पुढचं चाक काढून ठेवलेलं होतं. मी कुणाची परवानगी न घेता गुडघ्यांवर बसलो आणि मान आत घालून शू पाहिले. पिवळा ठिपका नव्हता. लाल नव्हता. शूवर दुसऱ्याच कुणाचा तरी शिक्का होता, आणि लायनर शूला घट्ट चिकटलेला होता.

मी तिथंच बसून रडायला लागलो. एक हवालदार आला. त्यानं मला दंडाला धरून उठवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, तुमचं कोण होतं यात?"

"कोणी नाही."

"मंग काहून रडू राहिले?"

मी काय सांगणार होतो! ब्रेक दुसऱ्याचा निघाला म्हणून? नंतर कळलं, आडवं कुत्रं आलं आणि ड्रायव्हरनं हँडल फिरवलं, ब्रेकचा संबंधच नव्हता. हवालदारानं मला बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, "यांच्याकडं ध्यान ठेवा, धक्का बसलाय."

*

आता शेवटचा. हा मी मित्रांना सांगतो तेव्हा अजून कुणी हसलेलं नाही, तरी सांगतो.

यंदा एक मोठा लॉट आला. तपासला. फटाका वाजला, पण जरा आधीच. ड्रॉइंगवरच्या आकड्यापेक्षा रेटा कमी, फार नाही, थोडासाच. पुन्हा तपासला, तेच. दुसरी खोकी उघडली, वरची, मधली, खालची, सगळीकडे तेच. सगळा लॉट सारखाच थोडा कमी.

मी 'नापास' लिहिलं. भाऊसाहेब माझ्यासमोर येऊन बसले. कधी नव्हे ते आवाज खाली होता. कंपनीकडं साठा संपत आला होता. त्यांच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं, लाईन थांबली तर पुढची ऑर्डर विसरा. भाऊसाहेब म्हणाले, "सर, शेडमधली पोरं माझ्या तोंडाकडं बघू राहिली, आन मी तुमच्या."

आणि मग थाओबाई स्वतः आल्या. विमानानं मुंबई, तिथून इथं. प्रत्यक्षात अगदी लहान चणीच्या निघाल्या. वैशालीला पाहताच त्यांच्या चेहऱ्यावरची ती रेघ पहिल्यांदा हलली. आमच्यासमोर बसून त्यांनी हिशोब मांडला. ड्रॉइंगवरचा आकडा फार सावधपणे धरलेला आहे, प्रत्यक्षात लायनरवर किती रेटा येतो ते बघू. कंपनीच्याच कागदावर लिहिलंय: ड्रायव्हर आणि तीन प्रवासी. एवढं वजन, एवढा उतार, एवढा वेग, ब्रेक इतका तापणार, चिकट द्रवावर इतका ताण येणार. लॉट थोडा कमी असला तरी या ताणाच्या कितीतरी वर आहे.

मी तो कागद घरी नेला. एकदा तपासला, पुन्हा तपासला. उतार वाढवून पाहिला, उन्हाळा धरून पाहिला. उत्तर तेच. इतका स्वच्छ हिशोब माझ्या विद्यार्थ्यांनी कधी मांडला नाही, खरं तर मीही नाही. बायकोनं विचारलं, "चूक सापडली का?" म्हटलं, नाही. "मग आता कशाला घाबरताय?" कागदावर कारणाच्या रकान्यात 'भीती वाटते' असं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, सवलतीनं, म्हणजे आकडा थोडा कमी असूनही, पास करायला हरकत दिसत नाही. भाऊसाहेबांनी माझे हात हातात घेतले. लगेच सही नको म्हणाले. पाहुणीला फुलंब्रीला घरी जेवायला न्यायचं, तिथं देवासमोर सही करायची, सगळं चांगलं होईल.

गाडीत भाऊसाहेब पुढं, मागं मी, वैशाली आणि थाओबाई. कागद माझ्या मांडीवर, पेन हातात. घामानं पेन निसटत होतं. वाटेत थाओबाई वैशालीला काहीतरी म्हणाल्या. वैशालीनं सांगितलं, त्या इतकी वर्षं हे ब्रेक बनवतायत, पण ती गाडी त्यांनी फक्त ड्रॉइंगवरच पाहिलीय. एकदा बसून बघायचंय.

भाऊसाहेब एकदम खुलले. "त्यात काय एवढं! आपला दत्तू हाये ना. त्याच्या रिक्षात आपलेच शू हायेत." त्यांनी फोन लावला आणि फुलंब्रीच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी थांबवली. आम्ही उतरून लिंबाखाली उभे राहिलो. थोड्या वेळानं धुरळा उडवत रिक्षा आली. उतारावरून आली, आणि बरोबर आमच्यासमोर थांबली. थाओबाईंनी मान डोलावली.

मग माणसं उतरायला लागली. आधी दत्तूच्या डावीकडचा, मग उजवीकडचा, तेव्हा कुठं मधे बसलेला दत्तू दिसला. मागून दोन बाया, त्यांच्या टोपल्या. एक म्हातारबा, त्यांच्या कवेत शेळीचं करडू. कॉलेजच्या तीन पोरी, त्यांची दप्तरं. पाठीमागच्या फळीवर पाय सोडून बसलेले दोघं उडी मारून उतरले आणि त्यांनी मधून एक सिमेंटचं पोतं ओढून काढलं. थाओबाई सुरुवातीला बोटांवर माणसं मोजत होत्या, मग त्यांनी हात खाली घेतला. आत अजून चार बाया बसलेल्याच होत्या. त्यांना पुढं फुलंब्रीला जायचं होतं.

दत्तूनं भाऊसाहेबांना रामराम घातला. परदेशी पाहुणी पाहून त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, सीटची कड पुसली. आतल्या बाया आपणहून सरकल्या. त्यांच्यात एका माणसापुरती जागा झाली.

"बसा बाई," दत्तू म्हणाला, "बिनघोर बसा. आज गर्दीच नाय."

थाओबाईंनी वैशालीकडं पाहिलं. वैशालीनं भाषांतर केलं.

थाओबाई माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं, आणि ते माझ्याच शर्टाच्या खिशाला अडकवलं.